तुमचा 'एन' नक्की किती?

दिघीतल्या आमच्या खोलीत तिघं पीएच.डी. करतोय. एक व्यापाराच्या अर्थशास्त्रात, एक साहित्याच्या मानसशास्त्रात आणि मी कोंबड्यांच्या खाद्यावर. विषयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण तिघांच्याही गाईडनी पहिला प्रश्न एकच विचारला: "तुमचा एन किती?" म्हणजे, स्वतंत्र नमुने किती?

माझंच बघा. २०० ब्रॉयलर, ८ कप्पे. मका-सोयाबीनच्या खाद्यात सगळ्यात आधी मेथिओनिन कमी पडतं, म्हणून ४ कप्प्यांना ते जास्त द्यायचं, ४ कप्प्यांना नेहमीचं खाद्य. एन २००? नाही, ८. एका कप्प्यातले पक्षी एकाच भांड्यातून खातात, एकाच तुसावर वाढतात. ते स्वतंत्र नाहीत.

आता कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. लासलगावचे रोजचे भाव घेतले तर नोंदी शेकडो मिळतील, पण निर्णय एकदाच झालाय. त्याच काळात पाऊस आणि आवकही बदलते. म्हणून शुल्क न लागलेल्या पिकाशी तुलना हवी.

तिसरं उदाहरण. १०० जणांना 'कोसला' वाचायला दिली, तर वाचक १००, कादंबरी एकच. निष्कर्ष फार तर 'कोसला'पुरता, सगळ्या कादंबऱ्यांबद्दल नाही.

तेव्हा डेटा गोळा करायच्या आधी वहीत एक ओळ लिहा: मी बदल कशात करतोय आणि असे स्वतंत्र घटक किती? तीन वर्षांनी हे कळलं, तर कुठलंच सॉफ्टवेअर एन वाढवून देत नाही.