संगणकावर गेम खेळायचे, तर विंडोज की लिनक्स?

आपल्या वस्त्यांतून संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. दहावी-बारावीचा निकाल लागला की मुले संगणकाचा हट्ट धरतात. वडील ओव्हरटाइम करतात, आई भिशी उचलते आणि घरात एकदाचा संगणक येतो. अभ्यास, प्रकल्प, नोकरीचे अर्ज ही त्याची सांगितलेली कामे. न सांगितलेले काम म्हणजे गेम! पालकांनी यावर कपाळाला आठ्या घालू नयेत. खेळणे ही मुलांची गरज आहे आणि बंगल्यातल्या पोराला जो खेळ मिळतो, तो चाळीतल्या पोरालाही मिळाला पाहिजे. मात्र पैसा घामाचा आहे. तो कुठे घालायचा, हे दुकानदाराने ठरवू नये, आपण ठरवावे. त्यासाठी थोडी माहिती हवी.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र म्हणजे इमारत, तर ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे तिचा कारभार पाहणारी व्यवस्था. कोणत्या कार्यक्रमाला किती जागा द्यायची, पडद्यावर काय दाखवायचे, कळफलकाचे ऐकायचे कसे, हे सारे ती पाहते. घरगुती संगणकावर मुख्यतः तीन आढळतात : मायक्रोसॉफ्टची विंडोज, अॅपलची मॅकओएस आणि कोणा एकाच्या मालकीची नसलेली लिनक्स. गेम तयार करणारी कंपनी तो एखाद्या ठरावीक सिस्टिमसाठी बनवते. म्हणून एकीवर चालणारा गेम दुसरीवर चालेलच असे नाही.

विंडोजची जमा आणि खर्च

१९९५ साली विंडोज ९५ आली, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने गेमसाठी डायरेक्टएक्स नावाची सोय दिली. तेव्हापासून संगणकावरचे बहुतेक गेम आधी विंडोजसाठीच निघतात. ही विंडोजची मोठी जमेची बाजू आहे. शिवाय एमएस-सीआयटीच्या वर्गात आणि बहुतेक कचेऱ्यांत हीच सिस्टिम असते.

आता खर्चाची बाजू. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून जी वाढीव मुदत देण्यात आली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच ठरवलेली होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक चालू स्थितीत असूनही यादीबाहेर पडतात. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवरून किंवा कचेरीच्या लिलावातून आलेली जुनी यंत्रेच जास्त. तेव्हा जुना संगणक विकत घेताना प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, हे आधी विचारावे. 'विंडोज ११ टाकून देतो' एवढ्या शब्दावर विसंबू नये. कंपनीची अट चुकवून टाकलेल्या सिस्टिमला पुढे सुधारणा मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही.

फुकटची विंडोज आणि दुसरे शील

अनेक ठिकाणी चोरीची विंडोज आणि 'क्रॅक' केलेले गेम सर्रास भरून दिले जातात. आपण विहारात पंचशील ग्रहण करतो. त्यातले दुसरे शील न दिलेली वस्तू न घेण्याचे आहे. ते रविवारी म्हणायचे आणि सोमवारी मोडायचे, हे बरे नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा सौदा तोट्याचा आहे. क्रॅकच्या पोटातून व्हायरस येतात. ज्या संगणकावर बँकेचा पासवर्ड टाकायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, त्यावर असा अनोळखी पाहुणा कशाला हवा?

लिनक्स : सर्वांचा पाणवठा

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. ती कुणीही घ्यावी, वापरावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. पैसा पडत नाही आणि चोरीही होत नाही. चवदार तळ्याचा इतिहास सांगणाऱ्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्याचे मोल वेगळे सांगायला नको. केरळच्या सरकारी शाळांतील मुले गेली कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. लिनक्समध्येही अनेक प्रकार आहेत. नवख्याला 'लिनक्स मिंट' सोपी जाते, कारण तिची मांडणी विंडोजसारखी आहे. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास बरे.

'लिनक्सवर गेम चालत नाहीत' हे वाक्य एकेकाळी बरेचसे खरे होते. आता तसे राहिलेले नाही. स्टीम हे गेमचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' आणले. ते दुभाष्याचे काम करते. गेम विंडोजच्या भाषेत मागणी करतो आणि प्रोटॉन ती लिनक्सला कळेल अशी करून देते. याच कंपनीने २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचे खेळयंत्र काढले, तेही लिनक्सवरच चालते. हजारो विंडोज गेम आता अशा रीतीने खेळता येतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर दुभाष्याशिवाय थेट चालतात.

पण अडचणीही सांगितल्या पाहिजेत. अनेक जण मिळून ऑनलाइन खेळायच्या काही गेममध्ये लबाडी पकडणारा पहारेकरी असतो आणि तो लिनक्सला आत सोडत नाही. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजंड्स चालत असे, पण ऑक्टोबर २०२४ अखेर कंपनीने तो दरवाजा बंद केला. जीटीए ५ एकट्याने खेळता येतो, मात्र त्याचा ऑनलाइन भाग सप्टेंबर २०२४ पासून बंद पडला. दुसरे असे, की प्रोटॉनला 'व्हल्कन' ही सोय असलेली ग्राफिक्स चिप लागते. फार जुन्या चिपमध्ये ती नसते. सिस्टिम बदलली म्हणून म्हाताऱ्या बैलाचा तरणा बैल होत नाही!

अशा जुन्या यंत्रासाठी लिनक्सवरचे मोफत गेम आहेत. 'सुपरटक्सकार्ट' ही गाड्यांची शर्यत आणि 'बॅटल फॉर वेसनॉथ' हा डावपेचांचा खेळ आहे. लहानग्यांसाठी खेळता खेळता अंक-अक्षरे शिकवणारा 'जीकॉम्प्री' आहे. यात ना जाहिरात, ना पैशाची मागणी.

मॅक आणि क्रोमबुक

गेमसाठी मॅक घेण्याच्या फंदात कामगार कुटुंबाने पडू नये. यंत्र महाग आणि गेम कमी. काउंटर-स्ट्राइकची २०२३ ची नवी आवृत्ती मॅकवर आलीच नाही. क्रोमबुक स्वस्त असते, पण ते अभ्यासापुरते. त्यावर स्टीम चालवण्याचा प्रयोग १ जानेवारी २०२६ पासून बंद करण्यात आला.

मग निवड कशी करावी?

आधी मुलाकडून तो कोणते गेम खेळणार त्याची यादी कागदावर लिहून घ्यावी. यादीत व्हॅलोरंट, फोर्टनाइट असतील आणि यंत्र नवे असेल, तर परवान्यासह विंडोज ११ घ्यावी. बिलावर तसे लिहून घ्यावे. यादीत एकट्याने खेळायचे गेम असतील आणि यंत्र बऱ्यापैकी असेल, तर लिनक्सवर काम भागते. परवान्याचे वाचलेले पैसे रॅम किंवा एसएसडीवर घालावेत, त्याने फरक जाणवतो. यंत्र जुने असून विंडोज ११ च्या यादीबाहेर असेल, तर ते भंगारात देण्याआधी लिनक्स अवश्य टाकून पाहावी. दोन्ही सिस्टिम एकाच संगणकात शेजारी-शेजारी ठेवण्याचीही सोय आहे.

तथागतांनी कालामांना सांगितले ते इथेही लागू पडते. परंपरेने आले, मोठ्याने सांगितले, एवढ्यावरून काही मानू नये. स्वतः पारखून घ्यावे. लिनक्स तशी पारखता येते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ती भरून, संगणकात न टाकता थेट पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. पडदा, आवाज, वायफाय सर्व चालते का, ते तपासावे. कायमची टाकण्यापूर्वी मात्र फोटो, प्रमाणपत्रे, अभ्यासाच्या फायली दुसरीकडे जपून ठेवाव्यात, कारण टाकताना चूक झाली तर सारे पुसले जाते.

पालकांना आणखी एक विनंती. सिस्टिम कोणतीही असो, गेमच्या खात्याला आपले कार्ड जोडून ठेवू नये आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला आहे. जुगाराने उद्ध्वस्त झालेली घरे आपण पाहिली आहेत. तो पडद्यावर आला म्हणून खेळ होत नाही.

शेवटी तरुण मंडळांना आवाहन. आपल्या विहारातील अभ्यासिकेत दोन-चार जुने संगणक धूळ खात पडलेले असतील. एखाद्या रविवारी वंदनेनंतर ते उघडा, साफ करा, लिनक्स टाका. सकाळी अभ्यास, संध्याकाळी तासभर खेळ, असे वेळापत्रक लावा. ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याला पहिली पाळी द्या. आज गेम सुरू करण्यासाठी जी मुलगी सिस्टिम टाकायला शिकेल, ती उद्या तीच विद्या पोटापाण्यासाठी वापरील.

जयभीम! नमो बुद्धाय!