चुन्याला विचारलेले प्रश्न

बस इथे पाटावर. पानाचा डबा उघडा आहे, पण त्यातल्या चुन्याला बोट लावू नकोस, जीभ भाजते. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे, फक्त तिथवर पोचायला जरा वेळ लागेल.

तुमच्या पुस्तकात मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण अशी तीन नावं आहेत. ती पाठ झाली म्हणून वस्तू ओळखता येतेच असं नाही. ओळखायची युक्ती आपण झाडापानांच्या एका अभ्यासकाकडून उसनी घेऊ. लामार्क त्याचं नाव. १७७८ साली फ्रान्समधल्या वनस्पतींवर त्यानं ग्रंथ लिहिला, आणि कुणाही हौशी माणसाला अनोळखी रोप ओळखता यावं म्हणून त्यात प्रश्नांची वाट आखून दिली. एका वेळी एकच प्रश्न आणि उत्तरं दोनच. रानातल्या वाटेला फाटा फुटतो ना, तसं: डावीकडे जा नाहीतर उजवीकडे, मध्येच उभं राहायचं नाही. फाटे ओलांडत गेलं की शेवटी रोपाचं नाव हाती येतं.

आता पदार्थांसाठी पहिला प्रश्न तू सांग. काय म्हणालीस? ‘सगळीकडे एकसारखं दिसतं का?’ बरं, लावून बघू. भेळ? नाही. हा तांब्याचा गडू? हो. ही पितळेची वाटी? हो. लिंबाचं गाळलेलं सरबत? तेही हो. झालं! गडू, वाटी आणि सरबत एकाच रांगेत येऊन बसले. पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त एकत्र वितळवून केलेलं. डोळ्यांना ते कुठलं कळायला? तुझा प्रश्न वाईट नाही गं, फक्त पहिला विचारायचा नाही. त्याला मागे बसवू.

पहिला प्रश्न असा घे: यातल्या घटकांचं प्रमाण कमी-जास्त करता येतं का? सरबतात साखर चमचाभर घाल की वाटीभर, आजी नाक मुरडेल, पण ते सरबतच राहील. पितळेत जस्त थोडं वाढवलं तर रंग बदलतो, तरी ते पितळच. पाण्याचं तसं नाही. विहिरीचं असो की पावसाचं, शुद्ध केलं की वजनानं हायड्रोजन एक भाग आणि ऑक्सिजन आठ भाग. त्यात कुणाची घासाघीस चालत नाही. प्रूस्त नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं अठराव्या शतकाच्या अखेरीस हा नियम मांडला, आणि बर्थोलेसारख्या बड्या माणसाशी त्यावरून कित्येक वर्षं वाद घातला. तर प्रमाण बदलता आलं की मिश्रण, नाही आलं की शुद्ध पदार्थ.

मिश्रणाच्या वाटेवर आता तुझा प्रश्न: एकसारखं आहे का? पण नुसत्या डोळ्यांवर विसंबू नकोस. दूध तुला एकसारखंच वाटणार. रात्री पेलाभर पाण्यात दुधाचे दोनचार थेंब टाक, दिवा मालव आणि बाजूनं टॉर्च मार. पेल्यातून जाणारा झोत स्पष्ट दिसेल, कारण दुधातले स्निग्ध पदार्थांचे आणि प्रथिनांचे बारीक कण प्रकाश विखुरतात. स्वच्छ साखरेच्या पाण्यात तो दिसत नाही. याला टिंडल परिणाम म्हणतात.

शुद्ध पदार्थाच्या वाटेवर प्रश्न वेगळा: यातून आणखी साधे पदार्थ निघतात का? साखर कढईत तापवत राहा. आधी वितळते, मग काळी पडते, वाफ निघून जाते आणि कोळसा उरतो. म्हणजे साखर संयुग. आता तांबं तापव. तेही काळं पडतं! मग तेही संयुग? थांब, आधी तराजू आण. साखरेच्या कोळशाचं वजन घटलेलं असतं, काळ्या पडलेल्या तांब्याचं वाढलेलं. एकातून काही निघून गेलं, दुसऱ्यानं हवेतला ऑक्सिजन घेतला. तांबं मोडलं नाही, उलट जोडलं गेलं.

हा तराजूचा नाद लव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा. १७८९ साली त्यानं ३३ साध्या पदार्थांची यादी छापली. त्यात सोनं, तांबं, गंधक होतं, प्रकाश आणि उष्णताही होती, आणि आपला चुनासुद्धा होता! पानाचा विझवलेला नव्हे, भट्टीतून निघणारा कळीचा चुना. भट्टीची कितीही आच दिली तरी तो मोडत नव्हता. लव्हाझिए मोठा सावध माणूस. पृथक्करण करत गेल्यावर जिथे आपले हात टेकतात, त्याला मूलद्रव्य म्हणायचं, एवढंच त्याचं म्हणणं. चुना बहुधा एखाद्या धातूचा ऑक्साइड असावा, असा संशयही त्यानं बोलून दाखवला होता. तो खरा ठरलेला पाहायला मात्र तो उरला नाही. १७९४ साली फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत त्याचं डोकं उडवलं गेलं.

मग १८०० साली व्होल्टानं विजेची बॅटरी दाखवली आणि लंडनच्या हम्फ्री डेव्हीच्या हाती नवं हत्यार आलं. १८०७ साली त्यानं पोटॅश नावाच्या पदार्थातून विजेनं पोटॅशियम काढलं. धातूचे चमकते थेंब पाहून तो प्रयोगशाळेत नाचला म्हणे. त्याच्या मदतनीस चुलतभावानं तसं लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी पाळी चुन्याची. तो सहजी दाद देईना. शेवटी पाऱ्याची मदत घेऊन, त्यात विरघळून आलेला धातू डेव्हीनं वेगळा काढला. तोच कॅल्शियम. प्रश्न तोच, चुनाही तोच, पण उत्तर ‘नाही’चं ‘हो’ झालं आणि चुना मूलद्रव्यांतून उठून संयुगांत जाऊन बसला.

लव्हाझिएच्या यादीत चुन्याच्या शेजारी त्याच्यासारख्याच, तेव्हा ‘माती’ म्हणवल्या जाणाऱ्या आणखी चार वस्तू होत्या. त्यांतल्या दोन डेव्हीनंच मोडल्या, सिलिका १८२४ साली बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञानं, आणि अॅल्युमिनातला धातू पुढच्याच वर्षी कोपनहेगनच्या अर्स्टेडला मिळाला. तोच अॅल्युमिनियम.

काय? मग आजीची अॅल्युमिनियमची कढई मूलद्रव्य? घाई करू नकोस. भांड्यांच्या अॅल्युमिनियममध्ये इतर धातू थोडेफार असतातच. चल, परत पहिल्या फाट्यावर.