कोळसा कोणत्या टोकाकडून काढावा?

आपल्या कर्जत-खालापूर भागात कोळसा म्हटला की लाकडाचा कोळसा आठवतो. कातकरी बांधव भट्टी लावून पाडतात, तो. पण दगडी कोळसाही आपल्याला अगदी परका नाही. 1863 साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. पुढे 1929-30 च्या सुमारास घाटात विजेची गाडी आली. मधली साठ-पासष्ट वर्षे गाड्या घाट चढत होत्या त्या वाफेच्या इंजिनाच्या जोरावर.

दगडी कोळसा आपल्या डोंगरात मिळत नाही. सह्याद्रीचा काळा दगड ज्वालामुखीच्या रसाचा झालेला आहे. त्यात कोळसा कुठून असणार? कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडली गेलेली झाडे. आपल्या राज्यात तो विदर्भात सापडतो. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर या जिल्ह्यांत. वरोरा हे गाव पुष्कळांना बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे ठाऊक असेल. त्याच वरोऱ्याला पूर्वी सरकारी कोळशाची खाण होती. ती 1906 साली बंद झाली. त्या भागातला बहुतेक कोळसा आज उघड्या खाणींतून निघतो. वरची माती दूर करायची आणि कोळसा उचलायचा. पण कोळसा फार खोल असला तर हे जमत नाही. मग जमिनीखाली शिरावे लागते. आम्ही आज सांगणार आहोत ते या जमिनीखालच्या खाणीबद्दल.

आत जायला वाट हवी. ही वाट दोन प्रकारची असते. एक, विहिरीसारखी सरळ खाली. दुसरी, उतरणीची, बोगद्यासारखी तिरपी. बोगदा आपल्याला नवा नाही. बोरघाटात कितीतरी आहेत. पनवेल-कर्जत या नव्या रेल्वेसाठी वावर्ल्याजवळ अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणला गेला. पण रेल्वेच्या बोगद्याला दोन तोंडे असतात. एकीकडून शिरले की दुसरीकडून बाहेर. खाणीला मात्र पलीकडचे तोंड आपोआप मिळत नाही. म्हणून ते मुद्दाम करावे लागते. कायदाच आहे की माणसे कामाला लावण्याआधी खाणीला निदान दोन वाटा पाहिजेत, आणि त्या एकमेकींपासून अंतरावर पाहिजेत. एक वाट ढासळली तर दुसरीने बाहेर येता यावे.

दोन वाटांचा आणखी एक उपयोग आहे. वारा! जुन्या कोंदट विहिरीत उतरून माणूस गुदमरल्याचे तुम्ही ऐकले असेल. खाणीत तर कोळशातूनच पेट घेणारा वायू निघतो. तो साठला आणि ठिणगी पडली की स्फोट. म्हणून एका वाटेने ताजी हवा आत घेतात. दुसऱ्या वाटेवर मोठा पंखा बसवून वाईट हवा बाहेर ओढतात.

तोंड कुठे पाडायचे, हेही पाहावे लागते. जागा पुराच्या रेषेच्या वर हवी. 2005 च्या जुलैत उल्हास नदी कुठवर चढली होती, हे कर्जतकरांना सांगायला नको. असे पाणी खाणीच्या तोंडात शिरले तर आतल्या माणसांनी जायचे कुठे? पाणी बाजूने, वरूनही येते. शेजारी जुनी, बंद पडलेली खाण पाण्याने भरलेली असते. मधली भिंत पातळ राहिली की फुटते. नागपूरच्या पलीकडे छिंदवाडा जिल्ह्यात न्यूटन चिखली नावाची खाण होती. तिथे 1954 च्या डिसेंबरात पाणी शिरून 63 माणसे गेली. 1975 च्या डिसेंबरात धनबादजवळ चासनाळा खाणीत पाणी फुटले. त्यात पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. म्हणून खाण बंद करताना तिचा नकाशा सरकारात भरावा लागतो. आमच्या मते तो कागद खाणीतल्या कुठल्याही यंत्राइतकाच मोलाचा आहे.

आता कोळसा काढायचा. कोळशाचा थर जमिनीखाली भाकरीसारखा पसरलेला असतो. कधी एकाखाली एक असे दोन-तीन थर असतात. उतरंडीतले मडके कोणते आधी काढता? वरचे. इथेही बहुधा तसेच. खालचा थर आधी काढला तर वरचा तडकतो, मग त्यात काम करणे जिवावरचे होते.

आणि एका थरात सुरुवात कुठून? इथेच सगळी मेख आहे. घर सारवताना बाई दाराशी बसून सुरुवात करीत नाही. ती आधी आतल्या भिंतीशी जाते. तिथून सारवत सारवत दाराकडे मागे येते. तसे नाही केले तर ओल्या सारवणावर पाय देऊन बाहेर यावे लागेल. खाणीतही हेच करतात. आधी थरातून दोन समांतर वाटा खणत पार टोकापर्यंत जातात. टोकाला आडवी वाट खणून दोन्ही जोडतात. मग त्या आडव्या भिंतीचा कोळसा कापत, मागे मागे यायचे. याला लाँगवॉल म्हणतात. लाँगवॉल म्हणजे लांब भिंत.

आपल्या शेजारी तेलंगणात, गोदावरीच्या काठी, रामगुंडमजवळ अड्रियाला म्हणून अशी खाण आहे. तिथे 2014 पासून हे काम सुरू झाले. त्या भिंतीची लांबी सुमारे अडीचशे मीटर. यंत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत किसत जाते, नारळ खवावा तशी. समजा, थर तीन मीटर उंच आहे आणि यंत्राने एका फेरीत पाऊण मीटरच्या वर कापले. तर एका फेरीत सुमारे आठशे टन कोळसा पडतो. दहा टनांचे ऐंशी ट्रक! कामगार पोलादी छताखाली उभे असतात. या छताचे पाय पाण्यातेलाच्या दाबाने वरखाली होतात. यंत्र पुढे गेले की हे छतही एक पाऊल सरकते. आणि त्याच्या मागचा खडक? तो कोसळतो. कोसळू देतात. त्यासाठीच तर मागे मागे यायचे! कामगार आणि त्याची बाहेरची वाट नेहमी शाबूत कोळशाच्या बाजूला राहते.

कुणी म्हणेल, आधी दोन-दोन किलोमीटर वाटा खणायच्या, तोवर कोळसा थोडाच मिळणार. जवळूनच का सुरू करू नये? तसे करता येते. पैसा लवकर दिसतो. पण मग रोजची वाट कोसळलेल्या भागाच्या कडेकडेने टिकवावी लागते. शिवाय पुढे काय आहे ते कळत नाही. आधी वाटा खणल्या की थर कुठे तुटला आहे, पाणी कुठे आहे, हे अगोदर समजते. आमचा कौल मागे येणाऱ्यांनाच.

विदर्भातल्या जमिनीखालच्या खाणींत जास्त करून दुसरी रीत आहे. कोळशात आडव्या-उभ्या गल्ल्या पाडायच्या, मध्ये कोळशाचेच खांब सोडायचे. शेवटी ते खांब काढायचे तेही टोकाकडून तोंडाकडे. तिथे छप्पर काठीने ठोकून पाहतात. खणखणीत वाजले तर ठीक. बद्द वाजले तर तिथे उभे राहू नये.

थराचे तुकडे पाडून एकेक तुकडा संपवतात आणि त्याच्या वाटा भिंतीने बंद करतात. कारण आत उरलेला कोळसा आपोआप तापतो. ओल्या गवताची गंजी आतून तापते, तसाच. हवा मिळत राहिली तर पेटतो.

राहिली वरची जमीन. खाली पोकळी झाली की वरचे शेत बसते. भेगा पडतात, विहिरीचे पाणी खाली जाते, खोलगट जागी पावसाळ्यात पाणी साचते. म्हणून गाव, रेल्वे, नदी यांच्याखाली खांब तसेच ठेवतात, किंवा पोकळीत नदीची वाळू पाण्याबरोबर भरतात. कुठे खांब ठेवायचे हे कोळसा काढण्याआधीच ठरते. तेव्हा खाणीच्या भागातल्या शेतकऱ्याने पहिला प्रश्न विचारावा तो हाच: माझ्या शेताखालून कोणत्या साली, कोणता थर काढणार, आणि त्याचा नकाशा कुठे पाहायला मिळेल?