कारण आणि सबब

आमच्या वरळी कोळीवाड्यात १९८०च्या दशकात पूजेच्या रात्री व्हिडिओ लावायची पद्धत होती. सत्यनारायणाचा प्रसाद वाटून झाला की गल्लीत टीव्ही मांडला जाई आणि भाड्याने आणलेल्या दोन-तीन कॅसेटी पहाटेपर्यंत चालत. गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (१९८३) मी पहिल्यांदा तिथेच पाहिला. शेजारी माझा एक वर्गमित्र बसला होता. त्याला ओम पुरींचा इन्स्पेक्टर वेलणकर आवडला नाही. आवडला तो रामा शेट्टी. “बघ, आवाजसुद्धा चढवत नाही,” तो म्हणाला. पुढे काही वर्षांनी हाच मित्र वरळीत ‘भाई’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि मग तडीपार झाला.

गुन्हेगारीपटांवर मी गेली वीस-बावीस वर्षं टिपणं काढतो आहे. या विषयाचं रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही; पाहायचं, पुन्हा पाहायचं आणि वहीत लिहायचं, एवढीच माझी पद्धत. पडद्यावरच्या माणसाचं दुबळेपण दाखवलं की त्याला खोली येते, असं नेहमी म्हटलं जातं. ते केव्हा खरं असतं आणि केव्हा ती नुसती सबब ठरते, एवढ्याच प्रश्नाचा इथे विचार करतो.

सुरुवात ‘अर्धसत्य’पासूनच करू. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. वेलणकर शरीराने दणकट आहे, पण आतून जायबंदी. लहानपणी त्याने हवालदार बापाला आईवर हात उचलताना पाहिलं आहे आणि तेव्हा तो काही करू शकलेला नाही. पोलिसांत तो आला तोही बापाच्या हट्टापायी. रामा शेट्टीसमोर त्याची वर्दी निरुपयोगी ठरते, तेव्हा ही जुनी असहायता पुन्हा उसळते. मग दारूच्या नशेत तो कोठडीतल्या एका भुरट्या चोराला मरेपर्यंत मारतो.

ही साखळी नीट पाहिली पाहिजे. बापाचा हात आईवर, शेट्टीची सत्ता वेलणकरवर, वेलणकरचा हात चोरावर. दुखावलेला माणूस आपल्याहून वरच्याला गाठत नाही. तो खालचा शोधतो. वेलणकरच्या जखमेचं कारण चित्रपट आपल्याला देतो, पण त्या कारणाची सबब होऊ देत नाही, कारण तिची किंमत कोणी मोजली तेही तो दाखवतो.

आणि रामा शेट्टी? सदाशिव अमरापूरकरांच्या या खलनायकाला तेंडुलकरांनी जखमच दिलेली नाही. त्याला दिली आहे ती निर्धास्ती. सगळे धागे आपल्या हातात आहेत हे त्याला ठाऊक आहे, म्हणून ओरडायची गरजच पडत नाही. शेवटी तर तो वेलणकरला वाचवायची तयारी दाखवतो, आणि वेलणकर त्याचा गळा दाबतो तो त्या क्षणी. खलनायक गुंतागुंतीचा व्हायला त्याचं दुःखी बालपणच लागतं असं नाही. नायकाला सगळ्यात जास्त हवी असलेली गोष्ट त्याच्या हातात असली, तरी पुरतं.

विधू विनोद चोप्रांच्या ‘परिंदा’त (१९८९) याच्या उलट रीत आहे. नाना पाटेकरांच्या अण्णाला आगीचं भय आहे, आणि त्या भयाचा संबंध त्याच्या बायको-मुलाच्या मरणाशी आहे. ज्वाळा दिसली की हा क्रूर माणूस लहान मुलासारखा थरथरतो. आपल्याला क्षणभर त्याची दया येते, पण त्या दयेने त्याचा एकही खून हलका होत नाही. उलट तो जास्त भीतिदायक वाटतो, कारण भीती म्हणजे काय हे पुरतं माहीत असूनही तो ती इतरांना देतो.

आता मित्राकडे येतो. त्याचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्याचे वडील घरी बसले ते कायमचे. आई टोपली घेऊन मासळी विकायची, तिच्यावर घर चाललं. हे कारण खरंच आहे. पण तो संप लाखो घरांवरून गेला आणि त्या घरांतली बहुतेक मुलं गुंड झाली नाहीत, हेही तितकंच खरं.

तो तडीपार झाल्यावर त्याची आई माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, “अरे, त्याला अजून निजताना बत्ती लागते. तिथे कोण लावून देत असेल?” ज्याला पाहून आम्ही रस्ता बदलायचो, तो अंधाराला भीत होता. ते वाक्य मी अर्जात घातलं नाही. ज्याचा हात त्याने मोडला होता तो भाजीवाला आमच्याच रस्त्यावर गाडी लावायचा, आणि त्याची गाडी तेव्हा बंद होती. दोन्ही गोष्टी एका कागदावर कशा मांडायच्या, ते मला कळेना.

महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मध्ये (१९९९) मला ते मांडलेलं दिसलं. पावभाजीची गाडी टाकणाऱ्या रघूच्या हातून भांडणात एक खून होतो आणि तो त्या धंद्यात खोल उतरत जातो. शेवटी भेदरून घरी आलेल्या या मुलाला रीमा यांनी साकारलेली आई स्वतःच्या हाताने गोळी घालते. त्याची भीती तिच्याइतकी कोणालाच कळलेली नाही, आणि त्याने काय केलं हेही तिला कळलेलं आहे. त्या आईच्या नजरेत कारण आहे, सबब नाही.

मित्र मुदत संपल्यावर परत आला. आता तो साठीकडे झुकला आहे. मागच्या वर्षी आम्ही दोघांनी ‘अर्धसत्य’ पुन्हा पाहिला. संपल्यावर बराच वेळ तो गप्प होता. मग विचारलं, “त्या चोराचं नाव काय होतं रे?”

मी वही उघडली. रामा शेट्टीवर अकरा पानं होती. चोराचं नाव मी कुठेच लिहिलेलं नव्हतं.