आजोबांची मारुती ८००: शेडमधून पासिंगपर्यंत

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप आहे. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढलेत. सगळे नाही.)

हेडफोन लावलेत ना? आज ॲप नाही, फोन नाही, एआय तर अजिबात नाही. गेले आठ महिने मी दर शनिवारी सकाळी पुण्याहून साताऱ्याला का पळतो, याचं उत्तर आज देतो. बऱ्याच जणांना वाटलं होतं स्थळ वगैरे बघणं चालू आहे. तसं काही नाही. मी एक मारुती ८०० दुरुस्त करत होतो.

गाडी आजोबांची, १९९६ ची, एमएच ११. आरसीचं रिन्यूअल २०२१ मध्ये आजोबांनी हट्टाने करून घेतलं आणि आरटीओतून परत आली ती गाडी शेडमध्ये उभी राहिली. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बाबांकडे दुसरी गाडी आली, विषय संपला. मागच्या उन्हाळ्यात बाबांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो १८ हजार म्हणाला. आजोबा काही बोलले नाहीत, पण दुपारी जेवले नाहीत. मग मी बोलून बसलो, "थांबा, मी करतो चालू."

मी बीटेक कॉम्प्युटर. नावापुढे इंजिनिअर, पण खऱ्या इंजिनाशी संबंध शून्य. स्टेपनी बदलणं एवढाच अनुभव, तोही यूट्यूब बघून. त्यामुळे हा भाग माझ्यासारख्या नवख्यांसाठी आहे, ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी कव्हरखाली झोपली आहे आणि हात शिवशिवतायत.

आधी, पहिल्या प्रोजेक्टसाठी ८०० च का. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली, किल्ली इंदिरा गांधींनी दिली. शेवटची बनली जानेवारी २०१४ मध्ये. मधल्या तीस वर्षांत २५ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. म्हणजे पार्ट मिळतात. पुण्यात नाना पेठेत फिरलात तर अजूनही गॅस्केट, क्लच वायर, मागचे लाइट नवे कोरे मिळतात, आणि स्वस्त. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जुन्या मॉडेलला कार्बोरेटर. बॉनेट उघडलं की प्रत्येक गोष्टीपर्यंत हात पोचतो. गंमत म्हणजे ती पहिली गाडीसुद्धा हरपाल सिंग गेल्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्या घराबाहेर गंजत उभी होती. तिचे फोटो व्हायरल झाले, मग कंपनीने ती दुरुस्त करून स्वतःच्या हेडऑफिसमध्ये ठेवली. सांगायचं काय, उभी गाडी कुणाचीही असो, ती सडते.

का सडते हे नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं यावर आहे. आपल्याला वाटतं चालवली नाही म्हणजे झीज नाही. उलट आहे. टाकीतलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो, आणि जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरतं, मग पिस्टनच्या रिंगा भिंतीला धरतात. बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट जमतं. उंदीर वायरिंग खातात. आमच्याकडे एअर फिल्टरच्या डब्यात चक्क घरटं होतं, शेंगांच्या फोलपटांसकट. आणि सगळ्यात वाईट हाल होतात ब्रेकचे. ते का, हे मला फार वाईट पद्धतीने कळलं.

झालं असं. पहिल्याच शनिवारी मी नवी बॅटरी घेऊन गेलो आणि थेट सेल्फ मारला. हे करू नका. आधी तिन्ही स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. फिरलं तर पुढे जायचं. अडलं तर जोर करायचा नाही, अजून ऑइल, अजून एक दिवस. मग जुनं पेट्रोल काढायचं, जुनं ऑइल काढायचं, फिल्टर बदलायचे, आणि नंतर सेल्फ. मी यातलं काहीच केलं नाही. गल्लीतल्या गॅरेजवाल्या मामांना बोलावलं, त्यांनी बाटलीतून कार्बोरेटरला थोडं पेट्रोल पाजलं आणि नशिबाने इंजिन लागलं. इतक्या वर्षांनी! पांढरा धूर, सगळं घर बाहेर, आई टाळ्या वाजवतेय.

त्या भरात मी पहिला गिअर टाकला. अंगणातून गोठ्याच्या बाजूला उतार आहे. पहिल्यांदा ब्रेक लागला. दुसऱ्यांदा पेडल सरळ खाली, फ्लोअरला टेकलं. गाडी भुशाच्या पोत्यांवर जाऊन थांबली. मला काही झालं नाही, बंपर वाकला. पण पाच मिनिटांपूर्वी त्याच जागी माझी भाची सायकल चालवत होती. हँडब्रेक वेगळ्या वायरवर असतो, ब्रेक ऑइल नसलं तरी तो लागतो, हे मला पाठ होतं. त्या क्षणी हात तिकडे गेलाच नाही.

आजोबा खुर्चीत बसून बघत होते. एवढंच म्हणाले, "थांबायचं बघितलंस का रे आधी?"

आता हे का झालं ते ऐका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. गाडी चालत असो वा उभी, शोषतंच. ते पाणी मास्टर सिलिंडरच्या आतल्या भिंतीला बारीक गंज आणतं. आत रबरी सील असतं, ते रोजच्या वापरात जेवढं पुढेमागे सरकतं तेवढा पट्टा गुळगुळीत राहतो. बराच काळ उभ्या गाडीत सगळीकडेच गंज. पेडल दाबलं की सील त्या खरखरीत भागावरून घासतं, ओठ फाटतो, आणि प्रेशर संपतं. म्हणून पहिल्यांदा ब्रेक लागला आणि दुसऱ्यांदा नाही. "अंगणात तर लागला होता" ही खात्री म्हणूनच बिनकामाची.

त्या दिवसापासून क्रम बदलला. आधी ब्रेक, मग टायर, मग पेट्रोलच्या नळ्या, मग पत्रा. इंजिन त्यानंतर, आणि रंग सगळ्यात शेवटी. मास्टर सिलिंडर नवा, मागच्या ड्रमचे व्हील सिलिंडर नवे, रबरी होज नवे, शू आणि पॅड नवे. सगळं मिळून नऊ हजारांच्या आसपास, मजुरी धरून. हे काम मी एकट्याने केलं नाही आणि तुम्हीही करू नका. खोलणं, घासणं, नवे पार्ट आणणं मी केलं. जोडणी आणि एअर काढणं मामांच्या समोर. एअर काढायला दोन माणसं लागतात, एक पेडल दाबणार, दुसरा चाकापाशी निपल सैल करणार. सहसा मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. नळीत बुडबुडे दिसायचे थांबेपर्यंत.

टायरचं पटकन सांगतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, ३४१६ म्हणजे २०१६ चा चौतिसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसू दे, असा टायर काढून टाका. बारा इंची टायर आहेत, चार मिळून माझे बारा हजारही गेले नाहीत.

अजून एक, आणि यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे: जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. लोखंडी स्टँड मिळतात, गॅरेजमध्ये घोडी म्हणतात, ते चेसिसच्या मजबूत जागी लावायचे. विटा तर मुळीच नाही, वीट आधी सांगत नाही, एकदम फुटते.

बरं, पेट्रोल. हा विषय आत्ताचा आहे. आता पंपावर बहुतेक ठिकाणी ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. १९९६ च्या गाडीच्या रबरी नळ्या, फ्युएल पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केट हे त्या हिशोबाने बनलेलंच नाही. इथेनॉलने जुनं रबर फुगतं, कडक होतं, चिरतं. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं. नव्या गाडीत ईसीयू सेन्सर बघून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला मेंदूच नाही, जेटचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल जाणार. म्हणून मी सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या टाकल्या आणि मिश्रण मामांकडून सेट करून घेतलं. टाकीत पेट्रोल आठवडेच्या आठवडे ठेवत नाही, कारण इथेनॉल पाणीही ओढतं आणि टाकी आतून पत्र्याची आहे.

कार्बोरेटर मात्र मी स्वतः खोलला, आणि मंडळी, आठ महिन्यांतला सगळ्यात सुंदर रविवार तो. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी फोटो. मी याला कमिट म्हणायचो. दीडशे फोटो झाले. स्क्रू आईच्या मसाल्याच्या डब्यात, प्रत्येक वाटीवर चिठ्ठी. (आईला डबा नवा घेऊन दिला.) स्प्रेने धुवायचा, जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं. हवा मारायची. परत जोडल्यावर एक स्प्रिंग उरली. फोटो क्रमांक ८८ मध्ये सापडली ती.

इंजिन खोलायचं का? मला खोलायचं होतं, खरं सांगतो, हौस म्हणून. मामांनी अडवलं. आधी कॉम्प्रेशन बघ म्हणाले. प्लगच्या भोकाला गेज लावायचं, सेल्फ मारायचा, आकडा बघायचा. तिन्ही सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. एक कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. माझे तिन्ही जवळजवळ सारखे आले. इंजिन तसंच ठेवलं. वीसएक हजार वाचले असतील.

ते सगळे पत्र्यात गेले. वरून गाडी बरी दिसत होती. मग मी मॅट काढली. ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसत होती. ८०० कुठे गंजते ते लिहून घ्या: पायाखालचा फ्लोअर, दाराखालची रनिंग बोर्ड, बॅटरीच्या खालची जागा, डिकीत स्टेपनीचा खड्डा. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पहिला डेंटिंगवाला म्हणाला वरून पत्रा मारून पुट्टी लावतो, आठ हजार. दुसरा म्हणाला सडलेलं कापून नवा पत्रा वेल्ड करतो, वर रेड ऑक्साइड आणि खालून कोटिंग, ३२ हजार. मी आठवडाभर झोपलो नाही. पण सीट त्याच फ्लोअरला बोल्ट केलेली आहे, बेल्टही बॉडीलाच. पुट्टीला बोल्ट धरत नाही.

एका श्रोत्याने विचारलं होतं, सगळा खर्च किती? ९२ हजार. आणि अशी गाडी विकली तर त्याच्या निम्मेही येणार नाहीत. पैशाच्या हिशोबाने हा सरळ तोटा आहे, कुणी "गुंतवणूक" म्हणालं तर हसा. व्हिंटेजचं स्वप्नही नको, त्या नोंदणीला गाडी ५० वर्षांची लागते.

कागदपत्रं मात्र कामाला हात लावायच्या आधी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी रिन्यूअल. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. वर पर्यावरण कर, पीयूसी, इन्शुरन्स, नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. मी काम सुरू केलं तेव्हा रिन्यूअल फी ५ हजार होती. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ती १० हजार झाली. माझी ३० वर्षांची. काय बोलणार.

पासिंगला पहिल्या फेरीत नापास झालो. हेडलाइटचा एक झोत झाडाकडे आणि हँडब्रेक चढावर धरत नव्हता. हँडब्रेक! घरी येऊन वायर ताणली, गोठ्याच्या त्याच उतारावर पंधरा मिनिटं उभी करून बघितली. पुढच्या आठवड्यात पास झाली.

परत येताना आजोबा शेजारी होते. पोवई नाक्यापर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तिसरा गिअर उशिरा टाकतोस. सिग्नल कॅन्सल होत नाही आपोआप, ते अजून बाकी आहे. पुढच्या शनिवारी बघतो.