हॉकीकडून क्रिकेटकडे

दिनांक ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईतील नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर ऑस्ट्रेलियाने ठेवलेले ३३९ धावांचे लक्ष्य भारतीय महिलांनी गाठले आणि विश्वचषकाची अंतिम फेरी निश्चित केली. त्यात जेमिमा रॉड्रिग्ज यांच्या नाबाद १२७ धावा होत्या.

सन २००० मध्ये भांडुप येथे जन्मलेल्या जेमिमा यांना क्रिकेटचे पहिले धडे वडील आयव्हन यांनी दिले. थोरल्या दोन भावांना गोलंदाजी करता करता बॅट हाती आली. सरावाची सोय व्हावी म्हणून कुटुंबाने भांडुप सोडून वांद्रे गाठले. हॉकीतही त्या १७ वर्षांखालील गटात महाराष्ट्राकडून खेळल्या. मुलीने लहानपणीच एक खेळ निवडावा, असा आग्रह पुष्कळदा धरला जातो. येथे तो धरला गेला नाही, हे बरेच झाले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये तत्कालीन औरंगाबाद येथे १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध त्यांनी १६३ चेंडूंत नाबाद २०२ धावा केल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी दक्षिण आफ्रिकेत भारताकडून पहिला सामना खेळला. पुढे २०२२ च्या विश्वचषकासाठी मात्र त्यांना संघातून वगळण्यात आले होते.