दहावी ‘ड’, नववी ‘अ’ आणि ग्राफिक्स कार्ड

भाच्याने दुकानदाराच्या कोटेशनचा फोटो पाठवला. त्यात एकच ओळ होती : ‘ग्राफिक कार्ड एनव्हिडिया ४ जीबी, १ नग’. मॉडेल कोणतं, असं विचारलं तर म्हणाला, “मामा, चार जीबी आहे ना! मित्राकडे दोनच आहे, तरी त्याचं सगळं चालतं.” खोक्याचा फोटो मागवला. निघालं जीटी ७३०.

हे कार्ड २०१४ सालचं. त्यातल्या केप्लर जातीच्या चिपसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर काढणं एनव्हिडियाने २०२१मध्येच थांबवलं. तरीही ते बाजारात सीलबंद, कोरं मिळतं. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसेल आणि नुसता डिस्प्ले यायला हवा असेल, तर त्याचा उपयोगही आहे. पण पोराला गेम खेळायचे होते. दुकानदार खोटं बोलला नव्हता. कार्ड चार जीबीचंच होतं. त्याने फक्त नाव लिहिलं नव्हतं.

“जीबी जास्त, कार्ड भारी”

सगळ्यात चिवट गैरसमज हाच. मेमरी म्हणजे गोदाम. गोदाम कितीही मोठं असलं, तरी तिथवर जाणारा बोळ हातगाडीपुरताच असेल तर माल तेवढाच निघणार. जीटी ७३०च्या डीडीआर३ मेमरीवाल्या, ६४ बिट रुंदीच्या कार्डात हा बोळ सेकंदाला १४.४ जीबी एवढा. जीटीएक्स १६५०मध्ये मेमरी तेवढीच, चार जीबी. पण वेग सेकंदाला १२८ जीबी, शिवाय चिप कितीतरी पटींनी ताकदीची. भाच्याच्या मित्राकडचं दोन जीबीचं कार्ड जीटीएक्स १०५० निघालं, म्हणून त्याचं ‘सगळं चालत’ होतं.

याचा अर्थ मेमरी बिनकामाची असा नाही. आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबीत आलं, दोन्हींत चिप तीच. गेमला आठ जीबी पुरेनाशी झाली, की १६वालं टिकतं आणि ८वालं अडखळतं. चिप सारखी असेल तेव्हा जीबी मोजावेत; चिप वेगळी असेल तर आधी चिप बघावी.

“मोठा आकडा, नवं कार्ड, म्हणजे वेगवान”

आकडा वाचायची रीत शाळेसारखी आहे. पुढचे अंक म्हणजे इयत्ता, मागचे दोन म्हणजे तुकडी. आरटीएक्स ४०६० : चाळीसची मालिका, साठची तुकडी. ५० म्हणजे खालची, ६० मधली, ७० आणि ८० वरच्या, ९० सगळ्यात महाग. आता दहावी ‘ड’ आणि नववी ‘अ’ यांच्यात गणिताची स्पर्धा लावली तर कोण जिंकेल? जीटी १०३० हे जीटीएक्स ९८०च्या पुढच्या इयत्तेतलं. पण त्यात कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे घटक, ३८४ आणि ९८०मध्ये २०४८. १०३० त्याच्या जवळपासही येत नाही. तसंच आरटीएक्स ३०५० घेणाऱ्याने समजू नये, की आपण जुन्या जीटीएक्स १०८० टीआयला मागे टाकलं. साध्या गेममध्ये ती म्हातारी अजून पुढे आहे. रे ट्रेसिंगसाठीचं (प्रकाश-सावल्यांच्या हिशेबाचं) खास हार्डवेअर आणि डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून वेग वाढवणारं तंत्र) मात्र तिच्याकडे नाही, आणि ड्रायव्हर किती वर्षं मिळणार हा प्रश्न जुन्या कार्डाबाबत विचारावाच लागतो.

एएमडीचीही पद्धत साधारण अशीच. फक्त तिथे आरएक्स ७०००नंतर २०२५मध्ये थेट आरएक्स ९०७० आलं. आठ हजारांच्या मालिकेचं डेस्कटॉप गेमिंग कार्ड शोधत बसू नका. इंटेलच्या आर्कमध्ये पिढी अक्षरात असते : ए७५० आधीचं, बी५८० नंतरचं.

शेवटी लागणारं टीआय, सुपर किंवा एक्सटी हे त्याच आकड्याच्या साध्या कार्डापेक्षा वरचं, एवढंच सांगतं. आरएक्स ६५०० एक्सटीला एक्सटी लागलं म्हणून ते आरएक्स ५७००ला हरवत नाही. उलट याच ६५०० एक्सटीत एक मेख आहे. स्लॉटमध्ये ते पूर्ण बसतं, पण त्याच्या लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, चारच. मदरबोर्ड जुना, पीसीआयई ३चा असला तर कार्डाचा वेग आणखी घटतो. स्वस्तात अपग्रेड करणाऱ्याकडे बहुधा जुनाच बोर्ड असतो, म्हणजे फटका नेमका त्यालाच.

“नाव एक, म्हणजे माल एक”

इथे मात्र मी कंपन्यांना माफ करायला तयार नाही. जीटीएक्स १०६० दोन मेमरींत आलं, ३ आणि ६ जीबी. गिऱ्हाईक समजलं, फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात ३ जीबीवाल्यात कोअर ११५२ आणि ६वाल्यात १२८०. जीटी १०३० आधी जीडीडीआर५ मेमरीचं होतं. २०१८मध्ये त्याच नावाने डीडीआर४वालं आलं आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून सतराच्या आसपास घसरला. आरटीएक्स ३०६० हे १२ जीबी आणि १९२ बिटचं. नंतरचं ८ जीबीवालं १२८ बिटचं. एएमडीच्या आरएक्स ५८०मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर, म्हणजे एएमडीचे कोअर. पण मागे ‘२०४८एसपी’ अशी शेपटी असेल तर ते कार्ड जवळपास आरएक्स ५७०च असतं. जुन्या मालाच्या जाहिरातीत ही शेपटी सोयीने गळते.

नाव हा निसर्गनियम नव्हे, कंपनीचा निर्णय असतो, हे २०२२मध्ये जगाने पाहिलं. एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० दोन रूपांत जाहीर केलं, १६ आणि १२ जीबी. दोघांच्या चिपाच वेगळ्या : ९७२८ कोअर आणि ७६८०. एवढी ओरड झाली, की ऑक्टोबरमध्ये १२ जीबीवालं मागे घ्यावं लागलं. जानेवारी २०२३मध्ये तेच कार्ड आरटीएक्स ४०७० टीआय म्हणून आलं, तेही शंभर डॉलरने स्वस्त. चिप तीच, पाटी नवी.

लॅपटॉपचं तर बोलायलाच नको. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०९०चे कोअर ९७२८, डेस्कटॉपवरच्या ४०९०चे १६३८४. आणि खोक्यावरचं एमएसआय, झोटॅक, गिगाबाइट हे नाव पंखा, बांधणी आणि वॉरंटीसाठी बघा. ‘ओसी’ म्हणजे कारखान्यातूनच थोडा वेग वाढवलेलं कार्ड. त्यासाठी फार पैसे मोजू नयेत.

आता पुन्हा भाच्याकडे. त्याचा पीसी ऑफिसमधून निघालेला, जुना. झाकण उघडून पाहिलं तर एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, कार्डासाठी वेगळी वायरच येत नव्हती. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, म्हणजे कार्ड त्यातच बसायला हवं. इथे नावाचा घोळ पहिल्यांदा आमच्या पथ्यावर पडला. आरटीएक्स ३०५० आठ जीबीचं १३० वॉटचं. २०२४मध्ये आलेलं सहा जीबीचं ७० वॉटचं. कोअर २५६०ऐवजी २३०४, मेमरी १२८ऐवजी ९६ बिटची, म्हणजे स्पष्टच हलकं. पण बहुतेक सहा जीबीवाल्यांना वेगळी वायर लागत नाही. ‘हलकं’ म्हणून ज्याला नाव ठेवायचं, तेच त्या पीसीत बसणारं होतं. कॅबिनेट अरुंद होतं, म्हणून कार्डाची लांबी-उंची पट्टीने मोजली आणि मगच दुकानात गेलो.

बिल हातात आलं. ‘ग्राफिक कार्ड एनव्हिडिया ६ जीबी, १ नग’. पैसे द्यायच्या आधी भाच्याने ते काउंटरवर परत सरकवलं आणि म्हणाला, “काका, पूर्ण नाव लिहा. सिरियल नंबरसकट.”